पिंजरा घेऊन लांबच्या वाटेला

वार्षिक परीक्षा संपते, लग्नाच्या पत्रिका येऊ लागतात आणि घराघरांत बॅगा भरायला सुरुवात होते. कोणी मुंबईला भावाकडे निघतो, कोणी पुण्याला लेकीकडे. गाडी ठरते, भाकरी आणि शेंगाचटणी बांधली जाते. सगळ्यांची सोय झाली, की शेवटच्या घटकेला घरातले लहान मूल विचारते, "आणि आपल्या पाखरांचं काय?"

पूर्वी आपल्या वस्तीत दारापुढे कोंबड्या असत. आता मुलांच्या हट्टाखातर दोन खोल्यांच्या घरातही लव्हबर्डचा पिंजरा लटकलेला दिसतो. पाखरे आणताना आपण पिंजरा पाहतो, रंग पाहतो; त्यांना घेऊन परगावी जायची वेळ आली तर काय करायचे, याचा विचार करत नाही. आमच्या घरी ही वेळ २०१६ च्या मे महिन्यात आली. आम्ही चुकलो आणि त्या चुकीत एक जीव गेला. ती चूक वाचकांच्या घरी होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

कल्याणला पुतण्याचे लग्न होते. भाड्याची जीप पहाटे निघणार होती. पाहुणे जमता जमता नऊ वाजले. शेजारी आधीच गावी गेलेले, त्यामुळे हिरवा नर आणि पिवळी मादी, असा आमचा जोडा बरोबर घेतला. पिंजरा मागे सामानात ठेवला आणि पाखरांना वारा लागू नये म्हणून मी स्वतः त्यावर जाड सोलापुरी चादर घातली. आपल्या गावची चादर, थंडीत ऊब देणारी! मेच्या उन्हात तीच त्यांच्या जिवावर उठेल, हे माझ्या डोक्यात आले नाही.

टेंभुर्णीला चहा झाला. इंदापूरला जेवायला उतरलो. काचा बंद, जीप उन्हात, आणि आम्ही अर्धा तास सावलीत. परत आल्यावर धाकटीने चादर उचलली. हिरवा नर तळाशी आडवा पडला होता. पिवळी मादी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत होती. पाणी शिंपडल्यावर ती वाचली. नराला पुढे भिगवणच्या अलीकडे एका लिंबाखाली पुरले. तिसरीतून चौथीत गेलेली माझी मुलगी रडली नाही. तिने एवढेच विचारले, "पप्पा, तो ओरडला का नाही?"

लग्नघरी आम्ही पोहोचलो, अक्षताही पडल्या; पण त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. सोलापूरला परतल्यावर जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते दिले.

पाखरू का ओरडत नाही?

पाखरू आपले दुखणे लपवते. रानात जो पक्षी आजारी दिसतो त्यावर ससाणा आधी झडप घालतो. म्हणून शेवटपर्यंत ताठ बसायचे, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा स्वभाव आहे. आपल्याला त्रास दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

दुसरे म्हणजे, पाखराला घाम येत नाही. त्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास असते. जास्तीची उष्णता तो चोच उघडून, धापा टाकून बाहेर काढतो. भोवतालची हवाच तापलेली आणि कोंडलेली असेल तर हा उपायही चालत नाही. बाहेर ४० अंश असताना उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा पन्नाशी ओलांडतो. तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाने तिथे किती तग धरायचा?

तिसरी गोष्ट श्वासाची. पाखरांना फुप्फुसांशिवाय हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे हवेतले विष त्यांच्या अंगात फार लवकर भिनते. म्हणून तर इंग्लंडच्या कोळसा खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी यासाठी कॅनरी पक्षी नेत असत. १९८६ साली ती पद्धत बंद करण्याचे ठरले. आपल्या गाडीतला बिडीचा धूर, डॅशबोर्डवरची उदबत्ती, पेट्रोलचा वास आणि सुगंधी फवारा हे सगळे पाखराला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बाधते.

आधी ठरवा, न्यायचे की ठेवायचे?

दोन-चार दिवसांचा प्रवास असेल तर पाखरे नेऊच नका, हे माझे स्पष्ट मत आहे. शेजारच्या एखाद्या जबाबदार मुलाला दाणापाणी समजावून द्यावे आणि रोज दोनदा पाहायला सांगावे. लहान पाखरू एक दिवसही उपाशी राहू शकत नाही, म्हणून "वाटी भरून ठेवली आहे" एवढ्यावर कुलूप लावून जाऊ नये. वरची टरफले पाहून वाटी भरलेली वाटते, आत दाणा नसतो. बदली झाली, बिऱ्हाडच हलवायचे आहे किंवा मागे बघायला कोणीच नाही, तरच पिंजरा उचलावा. आजारी पाखरू, अंड्यावर बसलेली मादी आणि लहान पिल्ले हलवूच नयेत. आपल्या किंवा जिथे जायचे त्या भागात बर्ड फ्लूची साथ असेल तर घरची पाखरे आणि कोंबड्या जागच्या जागी ठेवाव्यात. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला ही साथ आली तेव्हा कुक्कुटपालकांचे काय हाल झाले, ते पुष्कळांना आठवत असेल.

पोपट असेल तर?

पुष्कळ घरांत "मिठू" असतो. इथे कायदा नीट समजून घ्यावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपला देशी पोपट, मैना, मुनिया हे रानचे पक्षी पकडणे, विकणे, घरात पाळणे हा गुन्हा आहे. त्यासाठी कैद आणि दंडाची तरतूद आहे. असा पिंजरा घेऊन जाताना वाटेत हटकले गेलात तर "आम्हाला माहीत नव्हते" म्हणून सुटका होत नाही. ज्यांच्याकडे पोपट आहे त्यांनी तो घाबरून आकाशात सोडू नये. माणसाच्या हातचे खाऊन वाढलेला पोपट बाहेर जगत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून तो त्यांच्या स्वाधीन करावा.

बाजारात लव्हबर्ड म्हणून मिळतात ती पाखरे बहुधा बजरीगर असतात. त्यांचे मूळ ऑस्ट्रेलियाचे. कॉकाटीलही तिथलेच. ही परदेशी पाखरे पाळण्यास या कायद्याची आडकाठी नाही. मकाव, आफ्रिकन ग्रे अशा मोठ्या परदेशी पोपटांची मात्र सरकार दरबारी नोंद करावी लागते.

तयारी आठ दिवस आधीपासून

प्रवासाचा पिंजरा लहान असावा. मोठ्या पिंजऱ्यात गचका बसला की पाखरू फेकले जाते. झोपाळा, आरसा, घंटा काढून ठेवाव्यात. बसायची काठी खाली, तळापासून चार बोटांवर बांधावी. तळाला वर्तमानपत्राचा कागद घालावा. दाराला तार गुंडाळावी, कारण हादऱ्याने कडी निघते. आठवडाभर रोज थोडा वेळ पाखरांना त्या पिंजऱ्यात बसवावे. जमल्यास रिक्षातून एखादी छोटी फेरी मारावी. नवी जागा आणि हलता पिंजरा, दोन्हीची भीती एकदम पडू नये.

बरोबर घ्यायच्या वस्तू थोड्याच आहेत: नेहमीचे राळे-बाजरीचे दाणे, समुद्रफेसाचा तुकडा, घरच्या पाण्याची बाटली, काकडीच्या फोडी, पाण्याचा फवारा मारायची लहान बाटली, जुने सुती लुगडे आणि चार कागद. चालत्या गाडीत पाण्याची वाटी सांडते, दाणे भिजतात, पाखरू गारठते. म्हणून चालत्या गाडीत काकडीची फोड द्यावी आणि गाडी थांबली की पाणी ठेवावे. चॉकलेट, कांदा, चहा, फरसाण हे मुलांनी प्रेमाने दिले तरी पाखराला विष आहे.

एस.टी.ने जाणार असाल तर आधी डेपोत विचारून घ्यावे. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूहून म्हैसूरला निघालेल्या आजी-नातीच्या चार लव्हबर्डना कर्नाटकच्या कंडक्टरने प्रत्येकी १११ याप्रमाणे ४४४ रुपयांचे तिकीट फाडले. आजी-नात महिलांच्या योजनेत फुकट आणि पाखरे पैसे देऊन! ती गोष्ट वाचून सगळे हसले, पण निघण्यापूर्वी नियम विचारावा हा धडा त्यात आहे.

वाटेत

उन्हाळ्यात सोलापूरहून पहाटे चारला निघावे. पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर. ऊन चढण्याआधी तुम्ही बरेचसे अंतर कापलेले असता. पिंजरा डिकीत, टपावर किंवा सामानाखाली ठेवू नये. माणसांत, सीटवर पट्ट्याने बांधून किंवा मांडीवर घट्ट धरून न्यावा. थेट ऊन, खिडकीचा झोत आणि एसीची गार हवा, तिन्ही टाळावे. सुती लुगड्याने तीन बाजू झाकून एक बाजू उघडी ठेवावी. दर तासाने पाहावे, दीड-दोन तासांनी पाच मिनिटे थांबावे. पिंजऱ्याचे दार वाटेत कोणत्याही कारणाने उघडू नये. एकदा उडालेले पाखरू हायवेवर सापडत नाही. थांबल्यावर एक माणूस पिंजऱ्यापाशी राहिलाच पाहिजे. सगळ्यांनी जेवायला उतरायचे असेल तर पिंजराही उतरवावा.

पाखरू चोच उघडी टाकून धापा टाकू लागले, पंख अंगापासून दूर धरू लागले, तर ते उन्हाने घेरले आहे असे समजावे. लगेच सावलीत न्यावे, साध्या पाण्याने पाय ओले करावेत, अंगावर हलका फवारा मारावा, पाणी पुढे ठेवावे. बर्फाचे पाणी वापरू नये, चोचीत पाणी ओतू नये. सावरले तरी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

मुक्कामी पोहोचल्यावर पिंजरा शांत कोपऱ्यात ठेवावा. स्वयंपाकघर टाळावे. पाखरे बाहेर सोडायची असतील तर आधी पंखा बंद. छताच्या पंख्याने किती पाखरे जातात याचा हिशेब नाही. त्या घरी आधीची पाखरे असतील तर महिनाभर वेगळी ठेवावीत, आजार असला तर तेवढ्यात कळतो. पिंजऱ्याला हात लावल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावावे.

कोंबडीही पाखरूच आहे

गावाहून येताना पाय बांधलेल्या कोंबड्या मोटारसायकलच्या हँडलला उलट्या लटकवून आणलेल्या आपण रोज पाहतो. प्राण्यांना वेदना होतील अशा रीतीने नेणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. हवेशीर टोपली किंवा डालगे घ्यावे, कोंबडी उभी राहील, मान वर करील एवढी जागा असावी. पिंजऱ्यातल्या रंगीत पाखराची कीव करायची आणि कोंबडीची करायची नाही, हे आपल्याला शोभत नाही.

बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात सिद्धार्थ आणि देवदत्ताची गोष्ट दिली आहे. बाण मारणारा म्हणतो पक्षी माझा, जीव वाचवणारा म्हणतो माझा. निवाडा वाचवणाऱ्याच्या बाजूने लागतो. ही गोष्ट मी मुलांना कितीदा सांगितली होती. चादर घातली तेव्हा पैसे मोजून आणले म्हणून पाखरू आपले, एवढेच मी जाणत होतो.

दुसरा प्रवास

फेब्रुवारी २०१९ मध्ये थोरल्याला चिंचवडला कारखान्यात नोकरी लागली आणि त्याचे बिऱ्हाड हलवायचे ठरले. पिवळी मादी होती, तिला एक निळा सोबती मिळाला होता. मुलगी तेव्हा सहावीत. "पाखरं दादाकडे जातील, पण पिंजरा माझ्या मांडीवर राहील," असे तिने बजावले. सामानाचा टेंपो पुढे गेला, आम्ही मागून जीपने. पहाटेचा गारवा होता. तिने लुगडे कसे टाकायचे ते ठरवले, काकडीच्या फोडी मोजून डब्यात भरल्या, ड्रायव्हरला हात जोडून बिडी विझवायला लावली. इंदापूरला आम्ही पाळीपाळीने चहा प्यायलो, ती पिंजऱ्याजवळून हलली नाही.

भिगवणला ड्रायव्हर म्हणाला, रोहित पक्षी आलेत, पाच मिनिटे वळून पाहू. डिकसळ पुलाकडे गेलो. उजनीच्या उथळ पाण्यात लांब पायांचे गुलाबी थवेच्या थवे उभे होते. कच्छच्या रणात घरटी करणारे हे पक्षी. आपल्या सोलापुरात १९३२ साली जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत जंगले पायाखाली घालून असे पक्षी न्याहाळले, मराठी वाचकाला त्यांची ओळख करून दिली. २०२५ साली पद्मश्री मिळाल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये ते सोलापुरातच वारले. त्यांनी पक्षी पाहिले ते रानात.

मुलगी बराच वेळ पाहत राहिली. मग मांडीवरच्या पिंजऱ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, हे एवढ्या लांब पिंजऱ्याशिवायच येतात ना?"

दोन्ही पाखरे चिंचवडला सुखरूप पोहोचली आणि पुढे आपले आयुष्य जगून गेली. त्यानंतर आमच्या घरात पिंजरा आला नाही. गच्चीवर मातीच्या परळात पाणी असते. चिमण्या येतात, साळुंक्या येतात, पिऊन निघून जातात. आम्ही परगावी गेलो तर परळ भरायला शेजारच्या मुलाला सांगून जातो.