रेडिओ जेव्हा प्रोग्रॅमने घडतो

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, तरी आमच्या घरांतल्या रेडिओचा काटा पुढेही आकाशवाणी परभणीवरच असे. काटा फिरवला की आतला गँग कंडेन्सर फिरायचा व केंद्र लागायचे. पण त्या संचाचे काम कारखान्यातच ठरलेले. नुसत्या मिडियम वेव्हच्या संचावर एफएम कधीच लागत नसे. सॉफ्टवेअर रेडिओत हे बंधन सुटते.

विद्यार्थी मित्रहो, यात अँटेनावर आलेला सिग्नल वाढवून खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणतात आणि ठराविक अंतराने मोजून त्याचे आकडे करतात. पुढे सारे गणित. शेजारचे केंद्र गाळायचे म्हणजे आकड्यांना ठरलेल्या गुणकांनी गुणून बेरीज करायची. गुणक बदलले की गाळणी बदलली. सोल्डरिंगची गरज नाही. हे काम वेगाने करणारी खास चिप म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर.

खरी अडचण वेळेची. सेकंदाला २,४०,००० नमुने आणि ६४ गुणकांची गाळणी धरली, तर १,५३,६०,००० गुणाकार होतात. १९८० च्या दशकातील टीएमएस३२०१० ही चिप सेकंदाला सुमारे ५० लाख सूचनाच पाळू शके. मात्र गाळल्यावर पाचांतला एकच नमुना ठेवायचा असेल, तर उरलेल्या चारांचे गणित करायचे कशाला? मग ३०,७२,००० गुणाकार उरतात. तरीही त्या चिपला प्रत्येक गुणाकार-बेरजेस दोन सूचना लागत, म्हणजे ६१ लाखांवर! गाळणी ३२ गुणकांची केली तर काम बसते, पण शेजारच्या केंद्राची कुजबुज आत शिरते. आमच्या मते रेडिओ रचणाऱ्याची खरी परीक्षा इथेच आहे.

मोठे उदाहरण जुन्नर तालुक्यातील खोडदचे. तेथील जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे सिग्नल जुळवण्याचे काम आधी खास बनवलेली यंत्रणा करी. २०१० च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावरील प्रोग्रॅमकडे आले.

२०१२ पासून टीव्हीसाठी बनवलेली स्वस्त यूएसबी कांडी लॅपटॉपला लावून विद्यार्थी असे रेडिओ करू लागले. एफएम सहज लागते. मिडियम वेव्हसाठी मात्र अशा बहुतेक कांड्यांना वेगळी जोडणी करावी लागते, कारण त्यांचा पट्टा सुमारे २४ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो.