सायकलचं चाक बदलण्याआधी

मैत्रिणींनो, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली मुलीची सायकल डुलायला लागली की गटात नव्या चाकासाठी कर्जाची मागणी येते. आधी चाक उचलून फिरवून बघा. नुसतं डुलत असेल तर दुकानात आरे कसून आऊट काढली की भागतं. रिमला चीर किंवा पोचा असेल, तर मात्र रिम बदला. हब चांगला असेल तर तोच ठेवा. रिम शक्यतो अ‍ॅल्युमिनियमची घ्या. लोखंडी रिम पावसात ओली झाली की ब्रेकचं रबर घसरतं, आणि आपल्या जव्हारला उतार काही कमी नाहीत! टायरवरचा आकडा लिहून न्या. ३७-५९० आणि ४७-५५९, दोन्हींना ‘सव्वीस’च म्हणतात; पण मागचा आकडा जुळला नाही तर टायर रिमवर बसत नाही. आऱ्यांची भोकंही मोजा, हबला जितकी, तितकीच रिमला हवीत.