ग्राहक ‘चव आवडत नाही’ म्हणतो तेव्हा : गुणात्मक आणि संख्यात्मक संशोधन, धंद्याच्या भाषेत



मार्केट रिसर्चच्या व्हिडिओत ‘क्वालिटेटिव्ह’ आणि ‘क्वांटिटेटिव्ह’ असे दोन शब्द आले होते. तिथे त्यांना जेमतेम दोन मिनिटं मिळाली, म्हणून इथे जरा निवांत बघू.

हे शब्द मूळचे समाजशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयांतले. मराठीत गुणात्मक आणि संख्यात्मक संशोधन. संख्यात्मक म्हणजे ‘किती’: किती जण घेतात, महिन्यातून किती वेळा, किती रुपयांना. त्यासाठी प्रश्नावली, मोजणी, टक्केवारी. गुणात्मक म्हणजे ‘का’ आणि ‘कसं’. त्यासाठी समोर बसून गप्पा, दुकानात उभं राहून निरीक्षण, आणि ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे लिहून घेणं. आपल्याकडे बहुतेक जण थेट ‘किती’पासून सुरुवात करतात. गूगल फॉर्म बनवला, ग्रुपवर टाकला, 180 जणांनी ‘हो, आवडेल’ वर टिक केलं, की लगेच लोनची फाइल तयार! सोनं गहाण ठेवण्याआधी एक जुना किस्सा वाचा.

अमेरिकेत झटपट कॉफी आली, गरम पाण्यात पावडर टाकली की झालं. तरी अनेक गृहिणी ती घेईनात. का घेत नाही असं सरळ विचारलं तर उत्तर यायचं, चव आवडत नाही. दुसरी कुठली कंपनी असती तर चव सुधारायला पैसे ओतले असते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मेसन हेअर या मानसशास्त्रज्ञाला या उत्तराबद्दल शंका होती. त्याने वाणसामानाच्या दोन याद्या केल्या. दोन्हींत मांस, ब्रेड, गाजरं, बेकिंग पावडर, पीचचे डबे, बटाटे अगदी सारखे. फरक एकाच ओळीचा: एका यादीत नेसकॅफेची झटपट कॉफी, दुसरीत मॅक्सवेल हाऊसची नेहमीसारखी करायची कॉफी. प्रत्येक यादी सुमारे 50 बायकांना दाखवली. कुणालाही दोन्ही याद्या दाखवल्या नाहीत. कॉफीबद्दल एक शब्द विचारला नाही. एवढंच विचारलं, की ही यादी करणारी बाई कशी असेल, तुमच्या शब्दांत सांगा.

झटपट कॉफीवाल्या यादीतल्या बाईला 48 टक्के बायकांनी आळशी म्हटलं. दुसऱ्या यादीतल्या बाईला फक्त 4 टक्क्यांनी. म्हणजे अडचण चवीपेक्षा जास्त ‘लोक काय म्हणतील’ याची होती! हेअरने हे 1950 साली प्रसिद्ध केलं आणि मार्केटिंगच्या वर्गांत ते आजही शिकवतात.

यात पद्धत बघा. आधी मोकळं बोलायला लावलं, हे गुणात्मक. मग किती जणींनी ‘आळशी’ म्हटलं ते मोजलं, हे संख्यात्मक. ‘तुम्हाला आळशी म्हणतील म्हणून घेत नाही का?’ असा पर्याय फॉर्मवर दिला असता तर कुणी टिक केलं असतं का? जो पर्याय तुम्हाला सुचलाच नाही तो फॉर्मवर येत नाही, आणि आला तरी लाजेखातर कुणी निवडत नाही.

आता समजा तुम्हाला इडली-डोशाचं तयार पीठ विकायचंय. ‘विकतचं पीठ का घेत नाही?’ असं विचारलंत तर ‘घरच्यासारखं लागत नाही’ हे उत्तर मिळेल. ते खरंही असेल. पण सासूबाईंसमोर पाकीट फोडायचा संकोच आहे, की ते जास्त आंबतं ही तक्रार आहे, की पाकीट मोठं आहे आणि घरात माणसं दोनच? तिन्हींवरचे उपाय वेगळे, खर्चही वेगळा. म्हणून 10-12 घरांत बसून बोला. ‘आवडेल का’ विचारू नका. ‘मागच्या वेळी इडली केली तेव्हा पीठ कुठून आलं, कोणी वाटलं, उरलेल्याचं काय केलं’ असं घडलेलं विचारा. मध्ये बोलू नका (हे आपल्या विक्रेत्या मंडळींना फार जड जातं, मलाही!). नवीन घरांतूनही तीच कारणं परत यायला लागली, की या टप्प्याचं काम झालं. मात्र 12 घरांवरून ‘शहरातल्या 70 टक्के लोकांना…’ असं वाक्य कधीही काढू नका. कारणं कोणती ते एवढ्यावर कळतं, कोणतं कारण किती जणांचं ते कळत नाही.

त्यासाठी फॉर्म. पण फॉर्म कुणाला, हा प्रश्न आकड्यापेक्षा मोठा. 1936 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, तेही मंदीच्या काळात. शिवाय ज्यांना हौस होती त्यांनीच उत्तरं पाठवली. त्याच वेळी जॉर्ज गॅलपने कितीतरी कमी लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. तुमचा सोसायटीचा किंवा शाळेतल्या मित्रांचा ग्रुप हा तुमचा ‘लिटररी डायजेस्ट’ आहे. तिथली माणसं तुम्हाला नाही म्हणणार नाहीत.

आकड्याचा अंदाज हवाच असेल तर हे लिहून ठेवा: चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे 100 जण घेतले, तर टक्केवारीत साधारण 10 इकडे-तिकडे चूक धरायची. 400 घेतले तर 5. म्हणजे 100 जणांच्या सर्व्हेत 52 आणि 48 हा फरक आपल्यासाठी फरकच नाही. हेअरच्या 48 आणि 4 मध्ये मात्र संशयाला जागा नव्हती, तेही इतक्या कमी बायकांत.

फॉर्ममध्ये पर्याय लिहिताना त्या 10-12 घरांत ऐकलेलेच शब्द वापरा. ‘किण्वन जास्त’ लिहू नका, ‘दुसऱ्या दिवशी आंबट होतं’ लिहा. शेवटचा प्रश्न पैशाचा ठेवा: अर्ध्या किलोचं पाकीट शनिवारी घरपोच हवंय का, असेल तर आत्ता बुकिंगचे 20 रुपये द्याल का? ‘आवडेल’ म्हणणारे आणि 20 रुपये देणारे असे दोन रकाने वहीत शेजारी-शेजारी करा, आणि ग्राइंडरचं कोटेशन दुसऱ्या रकान्याकडे बघून मागवा.