सागराची नाडी

‘सागराचा ठाव कुणाला लागला आहे?’ असे मी वर्गात ऐटीत विचारीत असे. एका विद्यार्थ्याने ‘आर्गो’ नावाच्या यंत्रांची माहिती पुढ्यात ठेवली, आणि मी ओशाळलो!

माणसाएवढी उंच ही नळकांडी. जगभरच्या सागरांत सुमारे ४००० आहेत. हजार मीटर खोल वाहत राहायचे, दर दहा दिवसांनी दोन हजारांपर्यंत बुडी मारून वर यायचे, येताना पाण्याचे तापमान नि खारटपणा मोजायचा, उपग्रहाकडे निरोप धाडायचा. ना नाखवा, ना वल्हे!

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने देवगडची आमची कलमे आडवी केली. तेव्हा अरबी समुद्र किती तापला होता, ते आता मी आकड्यांत वाचतो.

चार-पाच वर्षांनी बॅटरी संपते, नळकांडे मुके होते. बहुतेकांना आणायला कोणी जात नाही.