सलूनातील स्वरमेळ
अंधेरी, घाटकोपर वा मुलुंडच्या एखाद्या सलूनात रविवारी सकाळी आपली पाळी येईपर्यंत जो संगीतलाभ घडतो तो रेडिओच्या कृपेने. गिऱ्हाइकाने स्वतः गळा मोकळा करण्याची चाल आपल्याकडे नाही. विलायतेत मात्र सोळाव्या-सतराव्या शतकांत न्हाव्याच्या दुकानी खोळंबलेल्या मंडळींसाठी भिंतीवर एखादे तंतुवाद्य टांगलेले असे. आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णवर्णीयांच्या केशकर्तनालयांतून, चौघांनी वाद्यावाचून परस्परांच्या स्वराचा अदमास घेत गाण्याची जी रीत रुजली, तिला ‘बार्बरशॉप’ हे नाव पडले. 1938 साली टल्सा शहरी ओवेन कॅश यांनी तिच्या रक्षणार्थ संस्था स्थापन केली. पण ज्यांची ही मिरास, त्या कृष्णवर्णीयांनाच तिने 1963 पर्यंत सभासदत्व नाकारले, हा इन्साफ अजबच म्हणावयाचा.

या गायकीत चार स्वरांची कंपने 4:5:6:7 या प्रमाणात बसविण्याची धडपड असते. षड्ज सेकंदाला 240 कंपनांचा धरला, तर गंधार 300, पंचम 360 आणि चौथा स्वर 420 कंपनांचा होतो. प्रत्येक कंठस्वराबरोबर त्याच्या दुपटी-तिपटीचे उपस्वरही निनादत असल्याने षड्जाची पाचपट आणि गंधाराची चौपट दोन्ही नेमकी 1200 वर येऊन परस्परांना बळ देतात. शिवाय चारही आकडे 60 च्या पटीतले असल्यामुळे, कोणीही न गायिलेला 60 कंपनांचा तळस्वर कानास भासू लागतो, आणि चौघांच्या ठायी पाचवा कोणी गात असल्याचा भ्रम होतो.

पेटीवर हे साधत नाही. तिच्या समविभाजित सप्तकात गंधार सुमारे 302.4 कंपनांचा असतो. त्याची चौपट षड्जाच्या पाचपटीशी जुळत नाही आणि सेकंदाला नऊ-दहा विस्पंदांची थरथर उठते. चौथ्या स्वराची तर गोष्टच निराळी: आपला कोमल निषाद 16:9 किंवा 9:5 या गुणोत्तराचा, म्हणजे 427 वा 432 कंपनांचा, तेव्हा 420 चा तो स्वर आपल्या तालमीतल्या कानाला प्रथमदर्शनी उतरलेलाच वाटेल.

अशा गाण्याला जागा म्हणून मात्र आपले सलूनही उणे नाही. उपनगरातल्या सलूनाचा आठ फूट रुंद गाळा, समोरासमोरचे आरसे, गुळगुळीत लाद्या, हे सारे ध्वनी फारसे शोषून न घेता परतवणारे. अशा गाळ्याच्या रुंदीतले पहिले अनुनाद सुमारे 70, 140 आणि 210 कंपनांशी पडतात, त्यांपैकी वरचे दोन पुरुषाच्या कंठाच्या सहज आवाक्यातले. वस्तरा चामड्यावर घासल्याचा आवाजसुद्धा तेथे भरदार ऐकू येतो, मग गळ्याची काय कथा!

स्वरांच्या गुणोत्तरांच्या वरील हिशेबाची झडती आपल्या मुंबई इलाख्यातही झालेली आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी न्यायाधीश क्लेमंट्स यांच्यासह त्यांनी श्रुतींची पेटीही घडवून घेतली, जिच्यावर 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत खल झाला. मला त्या खटपटीचे कौतुक वाटते, पण स्वर कायमचे कोरून टाकणारी पट्टी कितीही वाढविली तरी ऐकत-ऐकत सरकणाऱ्या गळ्याची बरोबरी ती कोठून करणार? 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती 1971 च्या सुमारास शिथिल झाली, आणि बोरिवली-मुलुंडच्या गायनवर्गांत आज पेटीवरच सूर घोटला जातो.

सांगलीशेजारच्या मिरजेत बनणारा तंबोरा मात्र आपले उपस्वर लपवीत नाही. घोडीवरील जवारीमुळे तारेचे उपस्वर कसे खुलतात याचा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली प्रसिद्ध केला, आणि खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार गवयांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पेटी मिटून तंबोऱ्याच्या षड्जावर कोणी गंधार लावला आणि थरथर थांबेपर्यंत हळूहळू उतरवीत नेला, तर 240 च्या षड्जाला तो पेटीच्या गंधाराहून सुमारे अडीच कंपने खाली सापडतो.