सरकीच्या पाकिटाएवढ्या वजनात साडेसत्तेचाळीस कोटी बिया

कपाशीच्या बियाण्याचं पाकीट ४७५ ग्रॅमचं. त्यात सरकीचे साधारण पाच हजार दाणे बसतात. तेवढ्याच वजनाचं ऑर्किडचं बी घेतलं आणि एका बियाचं वजन एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग धरला, तर भरतील ४७ कोटी ५० लाख बिया. २०११च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती. माणशी एक बी वाटायचं ठरवलं तरी एकूण वजन भरेल १.३ ग्रॅम. सरकीचे तेरा-चौदा दाणे तळहातावर घेतले की तेवढं होतं.

ऑर्किड म्हटलं की लोकांना सिक्कीम आठवतं, नाहीतर लग्नाच्या स्टेजवरची जांभळी फुलं. पण विदर्भाच्या पानगळीच्या रानातही ते आहे. जुन्या आंब्याच्या, मोहाच्या फांदीला जाड, पांढुरकी मुळं कवटाळून बसलेला वांदा हे ऑर्किडच. पिवळसर-तपकिरी पाकळ्यांवर चौकटीची नक्षी आणि मधे निळसर-जांभळी जीभ. फूल गळून फळ पिकलं की ते उभं तडकतं आणि आतून धूळ उडते. ती धूळ म्हणजे बी. कपाशीच्या बोंडात सरकी तीसेक. ऑर्किडच्या एका फळात मात्र जातीनुसार १,३०० पासून ४० लाखांपर्यंत बिया असतात.

एवढ्या बिया, मग रान ऑर्किडनं भरून का गेलं नाही? हा प्रश्न डार्विनलाही पडला होता. त्यानं इंग्लंडातल्या एका ऑर्किडच्या फळात सुमारे ६,२०० बिया मोजल्या. झाडाला तीस फळं, म्हणजे झाडामागे सुमारे १,८६,००० बिया. पोचट बिया वगळून त्यानं हिशेब मांडला: सगळं बी रुजलं तर एका झाडाची पोरं एक एकर दाटीवाटीनं भरतील. नातवंडांना पावणेदोन लाख एकर लागतील, म्हणजे वर्धा जिल्ह्यातला जवळपास एक तालुका. आणि पणतवंडं? पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन! आठ तालुक्यांच्या जिल्ह्यातला एक तालुका व्यापल्यावर पुढच्याच पिढीत अख्खी पृथ्वी.

प्रत्यक्षात यातलं काही होत नाही, कारण या बियाकडे शिदोरीच नाही. सरकीत तेल असतं, पेंड निघते. अंकुराला पहिले काही दिवस तेवढं पुरतं. ऑर्किडच्या बियात कागदासारख्या पातळ सालीत बरीचशी हवा आणि मधे थोड्याशा पेशींचा गोळा. त्याला धड मूळ नाही, डाळिंबी नाही, साठवलेलं अन्न नावापुरतं. हलकं असल्यानं वाऱ्यावर लांब जातं, पण पोहोचल्यावर खायला काही नाही.

मदतीला येते ती बुरशी. तिचा धागा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका जाड. बियाच्या एका टोकातून तो आत शिरतो आणि पेशीत वेटोळी घालून बसतो. खरं तर हा हल्लाच. पण पेशी ती वेटोळी पचवते आणि त्यातली साखर, नत्र घेऊन गोळा वाढू लागतो. बुरशी वरचढ ठरली तर रोप मरतं. बुरशी आलीच नाही तर ते उगवतच नाही. मातीत रुजणाऱ्या कित्येक जातींची रोपं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं हिरवं पान न काढता याच उधारीवर जगतात.

बीजवाढीच्या काळात ऑर्किड बुरशीवर जगत असावं, असा तर्क डार्विननं १८६३च्या एका पत्रात केला होता. हाती पुरावा नव्हता. तो मिळाला १८९९ साली, नोएल बर्नार या फ्रेंच तरुणाला. जंगलात पालापाचोळ्याखाली रुजलेली ऑर्किडची चिमुकली रोपं त्याला सापडली आणि त्यांत बुरशी होती. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसननं साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवाय बी रुजवलं. आज दुकानातली बरीचशी फुलं त्याच वाटेनं आलेली.

वर्ध्याच्या शेतकऱ्याला या बुरशीचं गणगोत ओळखीचं आहे. पऱ्हाटीच्या मूळकुजीमागे असते ती रायझोक्टोनिया, जिच्यासाठी पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात. ऑर्किडची बरीचशी पोशिंदी बुरशी याच गटात मोडते. जाती वेगळ्या, घराणं जवळचं.

म्हणून आकड्यांनी फसू नये. लाखो बिया आहेत म्हणून वांदा आपोआप पुन्हा उगवेल, असं होत नाही. नेमकी बुरशी असलेली साल हवी, ओल हवी, वर सावली हवी. तो बांडगूळही नाही, झाडाचा रस शोषत नाही, फक्त आधार घेतो. धुऱ्यावरचा जुना आंबा तोडायची वेळ आलीच, तर वांद्याची मुळं सालीच्या तुकड्यासकट अलगद सोडवा आणि पावसाळ्याच्या तोंडाला शेजारच्या जुन्या झाडाला सुतळीनं बांधून द्या.