यवतेश्वर घाट, पाण्याच्या बाटल्या आणि अपघाताचा दावा

सांगलीत मी मोटार अपघाताचे दावे चालवतो आणि रविवारी पहाटे साताऱ्यात यवतेश्वर घाटात पळतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातली. स्पर्धेत पाणी जागोजागी मिळतं. सरावाला आपलं आपणच न्यायचं.

माझ्या कमरपट्ट्यात 250 मिलीच्या दोन मऊ बाटल्या असतात. भरल्यावर बाटली उलटी धरून आतली हवा तोंडाने ओढून घ्या, पाणी अजिबात डुचमळत नाही. एकीत लिंबू, साखर, चिमूटभर मीठ. तहान लागेल तसे घोट घ्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. पट्ट्याच्या कप्प्यात नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच.

पळताना गाडीने उडवलं तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. अपघात साताऱ्यात झाला आणि तुम्ही सांगलीत राहत असाल, तर दावा सांगलीतही दाखल होतो. हे कितीतरी जणांना माहीतच नसतं! 2022 पासून कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणून प्लॅस्टर निघायची वाट बघत बसू नका. दवाखान्याची बिलं, एक्स-रे, पगाराची स्लिप, पंचनाम्याची प्रत, सगळं एका फाइलीत ठेवा. कायमचं अपंगत्व आलं तर कमाईवर वयानुसार गुणक लागतो: 26 ते 30 वयाला 17, 36 ते 40 ला 15.

धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तरी गंभीर जखमीला 50 हजार रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा.